टेंबेबाईंच्या फाटकावरचा एस

नलिनी टेंबे, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या टेंबेबाई, मला पहिल्यांदा दिसल्या तेव्हा माझे डोळे रडून सुजलेले होते. वडिलांची बदली साताऱ्याहून लखनऊ छावनीत झाली होती आणि मी सातवीत होते. नव्या शाळेत ‘माझे वडील सैन्यात आहेत’ हे इंग्रजीत सांगायचं होतं. मी फळ्यावर मोठ्या ऐटीत लिहिलं, ‘माय फादर्स आर इन द आर्मी.’ सगळा वर्ग खो खो हसला. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “अच्छा? कितने फादर हैं तेरे, यार?” त्यानंतर इंग्रजीच्या तासाला मी तोंडाला कुलूपच घातलं. शेवटी वडिलांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि महानगर नावाच्या वस्तीत बाईंच्या घरी नेलं.

बाई सकाळी शाळेत शिकवत आणि संध्याकाळी घराच्या पुढच्या खोलीत मुलांना घेऊन बसत. सगळा प्रकार ऐकून त्या हसल्या नाहीत. मला जवळ बसवून म्हणाल्या, “अगं, वडील ‘आला’ असं म्हणतो का आपण? ‘आले’ म्हणतो. तोच मान तू इंग्रजीत घेऊन गेलीस. पण इंग्रजीत मान एसमध्ये नसतो, बोलण्यात असतो. वडील कितीही मोठे असोत, तिथे ते एकच.” मग वडिलांकडे वळून त्यांनी गंभीरपणे विचारलं, “सुभेदारसाहेब, तुम्ही एकच आहात ना?” वडील मिशीतल्या मिशीत हसले. त्या दिवशी मला इंग्रजी काही आलं नाही, पण कुलूप निघालं.

आज बाईंची पंचाहत्तरी आपण थाटात साजरी करतो आहोत. पण दोन महिन्यांपूर्वीपर्यंत या तयारीत कुणाचं मन नव्हतं. काका, म्हणजे बाईंचे यजमान, गेल्यापासून त्या एकट्या राहतात. मुलगा निखिल त्यांना पुण्याला न्यायला आला होता. बाई लखनऊ सोडणार, हा सत्कार म्हणजे निरोपसमारंभच ठरणार, अशी धास्ती आम्हा सगळ्यांना होती. त्याचं काय झालं ते सांगतेच, पण आधी थोडं मागे जाऊ द्या.

एकवचन सुधारलं तरी माझी खोड गेली नव्हती. ‘वडिलांची टोपी’ लिहिताना मी अ‍ॅपॉस्ट्रॉफी एसच्या नंतर ठेवत असे, म्हणजे पुन्हा वडील अनेक! बाईंनी मराठी आणि इंग्रजी वाक्यं शेजारी ठेवली आणि ‘वडिलांची’मधल्या ‘लां’वर बोट टेकवलं. “हा बहुवचनाचा अनुस्वार बघ. यानंच तुझं चिन्ह पुढे ढकललं. आधी मालकाचं नाव पुरं लिही, मग चिन्ह दे, म्हणजे चुकणार नाहीस.” इंग्रजी शिकवताना मराठीचा अनुस्वार पकडणारी दुसरी शिक्षिका मी तरी पाहिली नाही. बरं, ही खोड एकट्या मराठी मुलांची थोडीच? लखनऊत तर ‘आप’शिवाय पान हलत नाही. मला हसलेली ती मुलगी पुढे ‘माय दादाजी आर स्लीपिंग’ लिहून बाईंच्याच वर्गात दाखल झाली. आज ती माझी जिवलग मैत्रीण आहे.

दशहरी आंब्यांच्या दिवसांत तर नियमांनासुद्धा गोडी यायची. बाई आंबे कापत बसत. “एक नाइफ, दोन?” “नाइव्ह्ज!” “एफ कुठे गेला?” “त्याचा व्ही झाला!” असं नीट सांगणाऱ्याला फोड मिळे. मँगोच्या अनेकवचनात एसच्या आधी ई हवाच, हा त्यांचा आग्रह. शब्दकोशात ई नसलेलंही चालतं, असं मी एकदा दाखवून दिलं. बाई म्हणाल्या, “शब्दकोशाला चालत असेल. आंबे माझे आहेत.”

वडील सीमेवर गेले त्या वर्षी आईला टायफॉइड झाला. बाईंनी मला विचारलंसुद्धा नाही. शाळेतून परस्पर आपल्या घरी नेऊन वरणभात जेवू घालत आणि डबा घेऊन रिक्षातून छावनीपर्यंत सोडायला येत. मी मुकाट बसले की वाटेतल्या पाट्यांमधल्या चुका शोधायला लावत. तेवढा वेळ सीमा डोक्यातून जाई. हे त्या मुद्दाम करत होत्या, हे मला फार उशिरा कळलं.

पाट्यांचा विषय निघालाच आहे, तर बाईंच्या फाटकाकडे येते. मी शिकत असतानाच तिथे ‘द टेंबेज’ अशी पाटी रंगवली गेली. पेंटरने एसच्या आधी टपकन अ‍ॅपॉस्ट्रॉफी दिला. बाई म्हणाल्या, “भैया, ये निशान हटाइए.” तो म्हणाला, “मैडम, सबके यहाँ लगता है. अच्छा लगता है.” “अच्छा तो लगता है, पर पढ़नेवाला पूछेगा, टेंबे का क्या?” चिन्ह पुसलं गेलं. उरला तो नुसता एस, म्हणजे घरातले सगळे टेंबे.

दोन महिन्यांपूर्वी निखिल आला तेव्हा फाटकाला नवा रंग चालला होता. मी वृंदावन योजना या वसाहतीतल्या माझ्या घरून बाईंना भेटायला गेले होते. पेंटरने विचारलं, “मैडम, अब तो आप अकेली हैं. मिसेज़ टेंबे लिख दूँ?” निखिलने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे. पाटी बदलली की घर सुटलं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

“नहीं भैया, एस रहने दीजिए,” बाई म्हणाल्या.

निखिल म्हणाला, “आई, ग्रामर तुझंच आहे ना? आता एकच माणूस आहे घरात. एस गलत आहे.”

“इंग्रजीत असेल,” बाई म्हणाल्या. “मी मराठीत मोजलं.”

मग पदर खोचून त्या आत गेल्या. पुढच्या खोलीत मुलं येऊन बसली होती. निखिल पेंटरला म्हणाला, “भैया, जैसा था वैसा ही लिख दो.” मी तिथेच रडले, पुन्हा सातवीतल्यासारखी. निखिल पुण्याला एकटाच परतला.

बाईंच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी लेख आदरार्थी बहुवचनात लिहा, अशी सूचना केली होती. त्यांना काय सांगू? बाईंविषयी मला एकवचनात लिहिताच येत नाही. बाई, तुमचे गुडघे तुम्हाला साथ देवोत, शंभराव्या वर्षीही दशहरीची फोड तुमच्याच हातची मिळो. आणि इंग्रजीवाले काहीही म्हणोत, तुमच्या फाटकावरचा तो एस पुसायची वेळ कधी न येवो.