कोमट पाण्यात गेलेली पाकिटं
माझ्या बापासोबत मंचेरियलच्या रेल्वे स्टेशनात एक कोकणातला यहुदी गार्ड कामाला होता. इस्राएल देश झाल्यावर तो तिकडं गेला आणि तिथून बापाला मराठीत पत्रं धाडायचा. ती पाकिटं मी जन्मभर जपली. शाळा मी चौथीतच सोडली, पण पाकीट कसं ठेवायचं हे मला कोणी शिकवू नये.

परवा बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्या पोरानं ती सारी कोमट पाण्यात भिजवली, त्यांवरची पोस्टाची तिकिटं सोडवली आणि अल्बमात लावून माझ्यापुढं ठेवली.

"बाबा, पाहा, किती साफ निघाली!"

"आन् पाकिटं?"

"फेकली. तिकिटंच तर जमवता नं तुमी?"

"अरे, पोस्टाचा अर्धा शिक्का तिकिटावर असते, अर्धा पाकिटावर! दोन्ही जुळले तरच कळते, कोण्या गावाहून निघालं ते. मले काऊन विचारलं नाही?"

"गोंदानं परत चिकटवून देतो."

"चप्पल हाय काय ते, शिवून द्याले?"

उकिरड्यावर एकच पाकीट सापडलं. बापाच्या नावाची शाई पसरून गेली होती. ते वाळवून मी पेटीत ठेवलं, तिकिटाविना. पोराचा अल्बम खिडकीत पडून आहे. मी त्याला हात लावणार नाही.