तंबूतले रावसाहेब

माझं बंगाली उत्तम आहे, असं सबंध कलकत्त्यात एकाच माणसाचं मत होतं. तो माणूस म्हणजे मी!

स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी सरकारी नोकरीत पुण्याहून माझी तिकडे बदली झाली. बरोबर बायको सुशीला होती, आणि मला लहानाचं मोठं करणारी आत्या होती. आत्याबरोबर तिचा पोपट होता. त्याचं नाव रावसाहेब. "नाक बघ त्यांचं! अस्सल सरदारी!" असं म्हणून आत्यानंच ते ठेवलं होतं. ती त्याला अहो-जाहो करी. मला मात्र चारचौघांत 'बंड्या'!

कचेरीत माझ्या शेजारी नृपेनबाबू बसत. सज्जन, गोड बोलणारे. एकदा ते म्हणाले, "आप्टेबाबू, नाताळच्या सुट्टीत माझ्या मामांच्या बागेत चला. गंगेच्या काठी तंबू ठोकून राहू. घरच्या सगळ्यांना आणा."

सगळ्यांना म्हणजे रावसाहेबांनाही. कारण त्यांना सोडून आत्या हलणार नाही, आणि आत्याला सोडून सुशीला मला हलू देणार नाही. आता 'आमच्याकडे एक पाळलेला पोपट आहे' हे बंगालीत सांगायचं होतं. पोपटाचा शब्द आठवेना. पण आमचं कुठं अडतं! मी ठणकावून सांगितलं, "आमच्या घरी एक पोष्य आहेत. रावसाहेब. त्यांना आणलं तर चालेल?"

(बंगालीत 'पोष्य' म्हणजे ज्याला पोसायची जबाबदारी आपल्यावर असते असं घरातलं माणूस, हे मला नंतर कळलं. सगळंच मला नंतर कळतं.)

"अवश्य आणा!" नृपेनबाबू म्हणाले. "वयस्कर आहेत?"

"बरेच."

"चालता येतं ना?"

"येतं, पण तिरके चालतात."

"अरेरे! जेवण काय घेतात?"

"पेरू आणि हिरव्या मिरच्या. भात दिला की आमच्या अंगावर उडवतात."

"बोलतात?"

"एकच वाक्य. दिवसभर."

नृपेनबाबूंचा आवाज खाली गेला. "आणि झोप?"

"डोक्यावरून कापड टाकलं की गप्प!"

त्यांनी माझा हात हातात घेतला. डोळे पाणावले होते. "आप्टेबाबू, तुम्ही देवमाणूस आहात."

एका पोपटावरून एवढं! 'बंगाली माणूस फार हळवा असतो बरं का,' असं मी घरी येऊन सुशीलाला समजावून सांगितलं.

ठरल्या दिवशी आम्ही निघालो. ट्रामनं घाटावर आलो आणि तिथून लाँचमध्ये बसलो. थंडी बाधू नये म्हणून आत्यानं पिंजऱ्यावर आपली शाल टाकली होती. लाँच हावड्याच्या पुलाखालून गेली आणि भोंगा वाजला. त्याबरोबर शालीतून आत्याच्या हुबेहूब आवाजात खडा सवाल आला, "कोण आहे?"

बाकावर शेजारी एक जाडजूड गृहस्थ बसले होते. बंगालीत 'कोण' म्हणजे कोपरा. बाई आपल्याला कोपऱ्यात सरकायला सांगताहेत असं समजून ते बिचारे सरकले.

"कोण आहे?"

ते आणखी सरकले.

"कोण आहे?"

"आणखी कुठं सरकू, माँ? पुढे गंगा आहे!" ते हात जोडून म्हणाले.

आत्यानं मला विचारलं, "काय म्हणतायत रे ते?"

"गंगेचं दर्शन घ्या म्हणतायत," मी म्हणालो. आत्यानं गंगेला नमस्कार केला. ते गृहस्थ उठले आणि थेट इंजिनापाशी जाऊन उभे राहिले.

बागेपाशी उतरलो, तर धक्क्यावर हे स्वागत! नृपेनबाबू, त्यांच्या पत्नी, आणि त्यांचे मामा. मामा वैद्य होते. त्यांच्या हातात तेलाची बाटली होती, आणि मागे दोन पैलवान उभे होते. दोघांच्या मध्ये एक खाट. आमचे तंबू नदीकाठी होते. पण जरा दूर, फणसाच्या झाडाखाली आणखी एक तंबू होता. त्याच्या दाराला बाहेरून दोरी.

"रावसाहेब कुठं आहेत?" नृपेनबाबूंनी हळू आवाजात विचारलं.

"हे काय!" मी म्हणालो आणि झोकात शाल उचलली.

रावसाहेबांनी मान वाकडी केली, सगळ्यांकडे एका डोळ्यानं पाहिलं आणि विचारलं, "कोण आहे?"

नृपेनबाबूंच्या पत्नी पदर तोंडाशी धरून मटकन खाली बसल्या. नृपेनबाबू खाटेवरच कोसळले आणि पोट धरून हसू लागले. पैलवानांना हसायची परवानगी नसावी, पण तेही गंगेकडे तोंड करून गदगदत होते. मामा तेवढे हसले नाहीत. त्यांनी वेड्यांच्या डोक्यावर चोळायचं थंड तेल मुद्दाम सिद्ध करून आणलं होतं. ते एकदा बाटलीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत राहिले.

सुशीला माझ्या कानाशी आली. "काय सांगितलं होतं हो तुम्ही यांना?"

"बंगालीत सांगितलं होतं," मी म्हणालो.

"तरीच!"

लाज झाकायला काहीतरी काम हवं म्हणून मी पिंजरा घेऊन त्या दूरच्या तंबूत गेलो. रावसाहेबांना पेरूची फोड द्यावी म्हणून पिंजऱ्याचं दार उघडलं. फोड आत गेली. रावसाहेब बाहेर आले! माझ्या डोक्यावर एक पाय टेकवून ते तंबूतून निघाले ते फणसाच्या शेंड्यावर.

आत्या धावत आली. वर पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. मला आठवतं तेव्हापासून तिला मी रडताना पाहिलं नव्हतं. "बंड्या," एवढंच म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला.

मी धोतराचा काचा मारला.

"अहो, तुम्हाला झाडावर चढता येतं?" सुशीलानं विचारलं.

"पुण्याचा आहे मी!" मी म्हणालो. (याचा झाडाशी काय संबंध, ते आजतागायत मला सांगता आलेलं नाही.)

मामांच्या बागेत मिरच्या होत्या. त्यांतली एक आत्यानं आणून दिली. दिसायला बोटभर आणि गरीब. ती दातांत धरून मी चढलो. खालून सूचना सुरू झाल्या. नृपेनबाबू बंगालीत सांगत होते, सुशीला मराठीत, पैलवान हिंदीत, आणि वरून रावसाहेब विचारत होते, "कोण आहे?" अखेर मी त्यांच्या फांदीला हात घातला. त्यांनी मिरचीकडे पाहिलं. मान पुढे केली. आणि माझा पाय घसरला!

फांदी मी दोन्ही हातांनी धरली आणि मिरची बत्तीस दातांनी.

त्या मिरचीचं वर्णन करायला माझं मराठीही अपुरं आहे. डोळ्यांपुढे गंगा, हावडा, पुणे सगळं एकदम दिसलं. मी जी किंकाळी फोडली, तिनं घाबरून रावसाहेब उडाले आणि सरळ आत्याच्या खांद्यावर जाऊन बसले.

"आले! आले गं माझे राजे!" आत्या हसत रडत होती. सगळे टाळ्या वाजवत, रावसाहेबांची मिरवणूक काढून नदीकाठच्या तंबूकडे गेले. थोड्या वेळानं तिकडून भाजलेल्या वांग्याचा वास आला. पानं वाढल्याचा आवाज आला. मी मात्र दोन फांद्यांच्या बेचक्यात, दाट पानांत, जिथे होतो तिथेच होतो. चढणं वेगळं आणि उतरणं वेगळं, हे झाडावर गेल्याशिवाय कळत नाही.

मी हाका मारल्या. पण जीभ अशी सुजली होती की 'सुशीला' म्हणायला जावं, तर 'क्रीं! क्रीं!' एवढंच बाहेर पडे.

खाली घास थांबले. सुशीला फणसाकडे पाहत म्हणाली, "अहो आत्याबाई, झाडावर अजून एक आहे वाटतं!"

आत्या शांतपणे रावसाहेबांना पेरू भरवत म्हणाली, "असू दे गं. हे बोलतात तरी नीट. तो कसला अडाणी दिसतोय!"