किशोरीचं गाऱ्हाणं

किशोरी पिंगुळीची सून. कुडाळच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. अधूनमधून ती गोव्याला, कॉलेजातली मैत्रीण तन्वी हिच्याकडे जाई. तिथे दोघी गच्चीत बसून गांजा ओढत आणि पोट धरून हसत. तेवढंच. एरवी तिला त्याची आठवणही होत नसे.

पण परतताना सावंतवाडी मागे पडली की तिला आपलीच लाज वाटू लागे. घरी पोचताच ती पदर खोचून कामाला लागे. माळ्यावरची भांडी लख्ख घाशी, सासूबाई राधाबाईंचे पाय चेपी. नवरा ओमकार हसून म्हणे, "गोवा तुका मानवता गो!" मग तर तिला आणखीच कसंसं होई.

यंदा शाळेत मुलांना व्यसनमुक्तीची शपथ द्यायचं काम तिच्याच गळ्यात पडलं. शपथ दिली त्या दिवसापासून तिचं कशात लक्ष लागेना. जेवण जाईना. फोन वाजला तरी दचके. वर्गात मुलांकडे पाठ करून पुसलेलाच फळा पुसत राही.

सुनेला कुणाची तरी दृष्ट लागली, असं राधाबाईंनी ठरवलं. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. शेवटी नारळ घेऊन त्या तिला देवळात घेऊन गेल्या. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "ह्या लेकराक जा काय आडवा इला आसात, ता दूर कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" जमलेल्यांत सगळ्यांत मोठा आवाज राधाबाईंचा. डोळे भरलेले. किशोरीला तिथे उभं राहवेना.

बाहेर येताच तिने सांगून टाकलं. "आई, माका दिष्ट नाय लागली. तन्वीकडे जातंय तेव्हा मी गांजा ओढतंय."

राधाबाई पायरीवरच थांबल्या. "म्हणान गोव्यासून इल्यार माजे पाय चेपी होतंस?"

किशोरीने होकारार्थी मान हलवली.

"ओढलंस ता वायट. पण माका देवाम्होरा असा उभा केलंस, ता माका लागला." आणि त्या एकट्याच पुढे निघाल्या.

कितीतरी दिवस त्या कामापुरतंच बोलल्या. ओमकारला मात्र काही सांगितलं नाही. "ता तू सांग," एवढंच म्हणाल्या. किशोरीने सांगितलं. तो भडकला. मग "शाळेत कळला तर?" म्हणून तिच्याहून जास्त घाबरला.

डिसेंबरात तन्वीचा फोन आला. किशोरी गेली, पण तिने ओढलं नाही. तन्वी एकटीच हसत होती. हिला हसू येईना आणि उठूनही जाववेना. शेवटी दुपारच्या गाडीने परतली.

राधाबाई अंगणात भात वाळत घालत होत्या.

"ओढलंस?"

"नाय."

"खरा?"

"खरा, आई."

त्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि परत भातात हात घातला. त्यांचा विश्वास बसला की नाही, ते किशोरीला अजून कळलेलं नाही.