चिखलदऱ्यावरचा मोगरा

कापसाला सोन्याचा भाव आला होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. अमरावतीत राजापेठेच्या बाहेर माझ्या सासऱ्यांचा फुलमळा होता. त्यांचा मोगरा गावात नावाजलेला. कापसात एकाएकी गबर झालेल्या एका शेटनं चिखलदऱ्यावर बंगला बांधला आणि तिथंही दारात मोगराच पाहिजे म्हणाला. डोंगरावरच्या थंडीत मोगरा टिकत नाही, म्हणून बाकीच्या माळ्यांनी हात वर केले. सासरे म्हणाले, "मी फुलवून दाखवतो."

पावसाळा सरल्यावर सासरे, सासू, माझे घरधनी आणि मी वर गेलो. झाडं मुळाच्या मातीसकट टोपल्यांत घालून आम्ही डोक्यावरून घाट चढवली. वारा लागणार नाही, ऊन मात्र दिवसभर राहील, अशी बंगल्याची भिंत बघून सासऱ्यांनी ती तिथं लावली. थंडी पडताच पाणी कमी केलं, बुडाशी वाळला पाला दाबला. संध्याकाळी कडब्यानं झाकायचं, ऊन आलं की उघडायचं.

पौषात गवतावरचं दव गोठायला लागलं. कडबा वाऱ्यानं उडून जाई. एका संध्याकाळी सासरे आमच्या झोपडीत आले आणि गोधड्या गोळा करू लागले. सासूला आधीच खोकला होता.

"एक तरी राहू द्या," ती म्हणाली, "छातीत कळ येऊन राहिली माह्या."

"तुले का फुलं येनार हायेत?" सासरे म्हणाले आणि तिच्या अंगावरची गोधडीही ओढून घेऊन गेले.

आम्ही शेकोटीला अंग लावून पडू लागलो. सासूला ताप भरला. ती थरथरायची, तेव्हा तिचे दात वाजलेले मला ऐकू यायचे. शेवटी एका रात्री सासरे आडोशाला गेल्याचं बघून मी कडेच्या झाडावरची गोधडी काढली आणि तिच्या अंगावर घातली. मला त्याचं वाईट तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

सकाळी त्या झाडाची पानं उकळतं पाणी ओतल्यासारखी काळी पडली होती. सासरे सुनेशी बोलत नसत. त्यांनी माझ्यादेखत माझ्या नवऱ्याच्या थोबाडीत मारली. घरधनी खाली मान घालून उभे राहिले, वर बघितलंसुद्धा नाही.

सासू तरी मला जवळ घेईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "माह्या एका जिवापायी झाड मारलं तुनं? आता शेटले काय सांगतीन हे?" त्या संध्याकाळी भिंतीला धरत धरत ती स्वतः बाहेर गेली आणि स्वतःची गोधडी मोगऱ्यावर घालून आली.

माघात ती गेली. तिला पोचवून आल्यावर सासऱ्यांनी आंघोळ केली आणि आधी झाडं उघडली, कारण ऊन वर आलं होतं.

चैत्राच्या शेवटी मोगरा फुलला. झाडं ठेंगणी राहिली होती, पण फूल टपोरं होतं. वैशाखात शेट घोड्यावरून आला. धुवट पागोटं बांधून, ताटात गजरे घेऊन सासरे दाराशी उभे. शेटनं एक गजरा उचलून हुंगला.

"अमरावतीच्या फुलावानी वास नाही याले," तो म्हणाला आणि तो गजरा त्यानं घोड्याच्या कानाला अडकवला. घोड्यानं मान झटकली, बरोबरची माणसं हसली. हात जोडून सासरेही हसले.

माझे घरधनी ते बघत होते. दुसऱ्या सकाळी त्यांनी मला गाठोडं बांधायला सांगितलं. आम्ही घाट उतरलो. परतवाड्याला पाणी प्यायलो तेव्हा म्हणाले, "फुलाचं काम नाही करनार आता."

आम्ही अकोल्याला गेलो. तिथं ते कापसाचे बोंदरे, ठासून भरलेली मोठाली पोती, वाहू लागले. पावसाळ्यानंतर गावचा एक जण भेटला. सासऱ्यांनी पाट लावला, बाई तरणी आहे, ती वर चिखलदऱ्याच्या बागेतच असते, असं तो सांगत होता. घरधन्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं," म्हणाले, आणि पुढचा बोंदरा पाठीवर घेतला.