आंबा, कुलूप, बैल

आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. एका माणसाला मी परीक्षेत कॉपी पुरवली. परीक्षा शाळेतली नव्हती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नगरमधल्या एका दवाखान्याच्या लॅबमध्ये मी रक्त काढायचो. तिथं एक पेशंट यायचे, सगळा दवाखाना त्यांना मामा म्हणायचा. मामा आले की खुर्चीत बसायच्या आधीच डावी बाही वर सारायचे. "घ्या, पन मापात घ्या. महागाचं रक्त हाय." नागापूरच्या एका कारखान्यात ते पत्रे कापणाऱ्या प्रेस मशीनवर होते. लकवा मारून उजवी बाजू गेली होती, ती बरीचशी परत आली. पकड तेवढी सैल राहिली, आणि जीभ होती तशीच तिखट.

आमच्या डॉक्टरांना एक ध्यास होता. लकव्यातून उठलेल्या काही माणसांची आठवण पुढे झिजत जाते. त्याची खूण रक्तात आधी सापडते का, ते त्यांना बघायचं होतं. म्हणून दर तीन महिन्यांनी मी रक्त घ्यायचो आणि तीन शब्द सांगायचो: आंबा, कुलूप, बैल. पाच मिनिटांनी तेच परत विचारायचो.

पहिल्या खेपेला मामांनी तिन्ही फाडकन सांगितले. वर मलाच विचारलं, "बैल केवढ्याला घेतला?"

दुसऱ्या खेपेला आंब्यापुढे गाडी सरकेना. कपाळावर घाम. "थांबा, सांगू नका." मी थांबलो. मग नकळत माझी नजर कपाटाच्या कुलपाकडे गेली. नकळत कसली, मुद्दाम गेली. त्यांनी ती पकडली. "कुलूप!" मग भिंतीवरच्या पशुखाद्याच्या कॅलेंडरकडे. "बैल!" दोघंही हसलो. उठताना हळूच म्हणाले, "डॉक्टरला बोलू नका. कामावरनं बसवलं तर घरी काय करू, तुमच्या मामीचा लसूण सोलू?"

तिसऱ्या खेपेला एकही शब्द येईना. मी उठून सरळ कुलपाला हात लावला. मामा कुलपाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"किल्ली हारवली का?" त्यांनी विचारलं. अगदी काळजीनं.

कागदावर मी तीनपैकी तीन लिहिले.

डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट आणि तो कागद शेजारी शेजारी ठेवले. "रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन चढतंय, सूज दाखवणारे आकडेही चढतायत. मला वाटलं, यांचं विसरणं सुरू झालं असणार. पण इथं तर पूर्ण गुण! नीट विचारलंत ना?"

"हो सर."

"मग माझाच अंदाज चुकला."

चुकला नव्हता. पण त्यांनी कामाला हरकत नाही असं लिहून दिलं.

दीड महिन्यानं मामांनी अडकलेला पत्रा काढायला हात आत घातला. आधी मशीन बंद करायचं असतं, हे प्रत्येक नव्या कामगाराला दरडावून शिकवणारा माणूस तेच विसरला. डाव्या हाताची चार बोटं गेली.

मी भेटायला गेलो तर मामी खाटेजवळून उठल्या. "या भाऊ. यांचं तुमीच लई केलं. तुमच्या तपासण्यांमुळं एवढे दिस कामावर तरी राहिले." मोसंबी ठेवली आणि बाहेर पडलो. बसवेना. बसस्टँडपर्यंत चालत गेलो, परत आलो, परत गेलो.

पुढं मामा काही वर्षं जगले. शेवटी मामींनाही ओळखेनात.

तुम्ही म्हणाल, विसरणं तर यायचंच होतं. यायचंच होतं. बोटं जायची नव्हती.

मामी अजून नागापूरलाच राहतात. मामांना मशीनपुढं उभं केलं ते माझ्या खोट्या कागदानं, हे मामींना समोर बसून सांगायचं अजून राहिलंय.