राहुरीतलं सकाळी सातचं इंग्रजी

इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. गणिताच्या मास्तरांचं तसं नसतं. गणितात चुकलेलं उत्तर खोडलं की संपलं. भाषेत मात्र चुकलेल्या वाक्यालाही काहीतरी अर्थ असतोच, आणि नेमका तोच वर्षानुवर्षं लक्षात राहतो. चार मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "तुझ्या बॅचचं सांग ना काहीतरी." मी सुरू होते आणि माझा चहा गार होतो.

राहुरीत खत-बियाण्यांच्या एका दुकानावरच्या खोलीत मी मोठ्या माणसांसाठी इंग्रजी बोलण्याचा क्लास घ्यायचे. सकाळी सात ते आठ. बारा वर्षं घेतला. गुडघे जिना चढेनात तेव्हा, दोन वर्षांपूर्वी, बंद केला. सहा बाक, एक फळा, एक खडखडणारा पंखा. खालून युरियाच्या गोण्यांचा वास यायचा, आणि गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या मळीचा. अजूनही कुठे मळीचा वास आला की मला 'इज, ॲम, आर' आठवतं.

*

नाना एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. इंग्रजी मसुदा लिहिण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. पण तोंडानं चार वाक्यं बोलायची म्हटलं की घसा खाकरण्यातच वेळ जायचा. त्याच बॅचला सोपान आला. तो त्याच कचेरीत वीस वर्षं नानांच्या हाताखाली शिपाई होता. नगरला एका कंपनीच्या गेटवर त्याला काम मिळणार होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांशी थोडं इंग्रजी बोलावं लागणार होतं. नानांना पाहिल्यावर तो सवयीनं उठून उभा राहिला. मी दोघांना एकाच बाकावर बसवलं.

पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्याला नाव विचारायचा सराव होता. सोपानची पाळी आली, तर तो वहीत बघत बसला.

"अहो, विचारा ना. व्हॉट इज युअर नेम."

"मॅडम, सायबांला नाव कसं इचारू? वीस वर्सं पाटीवर वाचलंय."

सगळे हसले, नानाही हसले. मग मी समजावून सांगितलं की इंग्रजीत तू, तुम्ही, आपण असं काही नसतं. सगळ्यांना एकच शब्द, 'यू'.

सोपाननं जरा विचार केला. "कलेक्टरला?"

"यू."

"सायबांला?"

"यू."

"आन् मला?"

"तुम्हालाही यूच."

त्यानं 'यू' वहीत लिहून घेतलं. मग हळूच म्हणाला, "मग ही भाषा मी आदीच शिकायला पायजे हुती."

*

नानांची अडचण उलटी होती. 'माझे वडील' या विषयावर पाच वाक्यं लिहायला सांगितली, तर त्यांनी लिहिलं, "माय फादर वेअर अ टीचर. दे वेअर व्हेरी स्ट्रिक्ट." आयुष्यभर बिनचूक मसुदे लिहिलेला माणूस. मी चकित झाले.

"नाना, एक माणूस आहे ना? मग 'वॉज' हवं. 'ही' हवं."

"ठाऊक आहे मला," नाना म्हणाले. "कचेरीच्या कागदात कुणालाही 'ही' लिहीन. पण वडिलांना नाही लिहिणार. तुम्ही मार्क कापा."

मी दोन मार्क कापले. त्यांनी ते समाधानानं कापून घेतले.

*

पुढे तीनेक महिन्यांनी 'वुड यू लाइक' शिकवत होते. पाहुण्याला काही हवं का, हे अदबीनं कसं विचारायचं. सराव घरी करून या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नाना उशिरा आले. असं कधी होत नसे. दारातून आत आले ते दोन्ही हातांत चहाचे कागदी कप धरून, जिन्यात सांडू नये म्हणून जपून पावलं टाकत. थेट आपल्या बाकापाशी गेले. घसा खाकरला.

"सोपान, वुड यू लाइक टी?"

वीस वर्षं रोज दोनदा नानांच्या टेबलावर चहा सोपाननं ठेवला होता. तो उठू लागला, मग काय वाटलं कुणास ठाऊक, परत बसला. कप घेतला, एक घोट प्यायला.

"येस," तो म्हणाला. "बट लेस शुगर."

*

रावसाहेब मुळा धरणाच्या बाजूच्या एका गावातले डाळिंबवाले शेतकरी. पहिल्या दिवशीच मला म्हणाले, "मला बोलायचं न्हाई, मॅडम. मला निस्तं कळलं पायजे." माल परदेशी पाठवणाऱ्या कंपनीचे साहेब तो बघायला यायचे, दलालाशी इंग्रजीत बोलायचे आणि हे आपल्याच बागेत मुक्यासारखे उभे. तेवढं त्यांना नको होतं.

दोन महिन्यांत त्यांना बरंच वाचता यायला लागलं. एवढं, की आता ते कुणाला विचारीनासे झाले. एका दुपारी शेतात असताना मोबाईलवर मेसेज आला, वर नातवाचं नाव. त्यांनी एकेक शब्द लावून वाचला. 'युअर वॉर्ड इज नॉट सिरियस. प्लीज मीट.'

वॉर्ड कळला, सिरियसही कळलं. त्यांनी थर्मासात चहा भरून घेतला, चादर घेतली, नातवाचा एक सदरा घेतला आणि मोटरसायकल काढून थेट राहुरीतलं हॉस्पिटल गाठलं. आमच्याच बॅचमधली छाया तिथं नर्स होती. तिच्यापुढे मोबाईल धरून म्हणाले, "सिरियस न्हाई म्हंत्यात, पर कुठल्या वॉर्डात ठिवलाय?"

छायानं मेसेज वाचला. "काका, हा शाळेतून आलाय. वॉर्ड म्हणजे पाल्य, तुमचा नातू. तो अभ्यासात लक्ष देत नाही म्हणतात."

रावसाहेब तिथल्या बाकावर दहा मिनिटं बसून राहिले. मग शाळेत गेले. वर्गशिक्षिका बाई तक्रारींची यादी घेऊनच बसल्या होत्या. गृहपाठ करत नाही, सारखा खिडकीतून बाहेर बघतो, अभ्यास अजिबात नाही.

रावसाहेबांनी हात जोडले. "बाई, न्हाई केला तरी चालंल."

*

आणि 'नॉट बॅड'चा घोळही त्यांचाच.

कंपनीच्या साहेबांनी बागेत डाळिंब फोडलं, चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "नॉट बॅड." रावसाहेबांना दोन्ही शब्द येत होते. दिवसभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. आपल्या मालाला 'बॅड' म्हणाला, एवढंच डोक्यात. सकाळी माझ्या आधी येऊन जिन्यात उभे.

मी सांगितलं की ती तारीफ आहे. इंग्रजी बोलणारी माणसं कौतुक करताना जरा हात राखून करतात.

"चांगलं हाय तर गुड म्हणायला काय जातंय?" असं म्हणत ते बाकावर बसले. पण तऱ्हा त्यांना आवडली असावी. त्या आठवड्यात घरी हुलग्याचं शेंगोळं झालं होतं. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, विचारलं, "कसं झालंय?" रावसाहेबांनी साहेबांसारखं चार घास चाखून, मान डोलावून सांगितलं, "वाईट न्हाई."

पुढच्या सोमवारी मी त्यांना विचारलं, "घरी कसं काय?"

"नॉट गुड, मॅडम," ते म्हणाले. "आन् ह्याचा अर्थ सरळच हाय. चार दिवस झालं, शेंगोळंबी न्हाई आन् बोलनंबी न्हाई."

*

आता छायाचं सांगते. तिला इंग्लंडमध्ये नर्स म्हणून जायचं होतं. घरात वडील नव्हते, धाकटा भाऊ शिकत होता, सगळी भिस्त तिच्यावर. ड्यूटी संपवून, डोळे चोळत ती क्लासला यायची. परीक्षा पास झाली आणि मुलाखत ठरली, मोबाईलवर समोरासमोर. मी तिच्याकडून पन्नास प्रश्न घोटून घेतले. नेमका एक राहिला.

तिकडच्या साहेबांनी विचारलं, "व्हॉट आर युअर वीकनेसेस?"

आपल्याकडे विकनेस म्हणजे अशक्तपणा. छाया ताठ बसून म्हणाली, "नो वीकनेस, सर. माय हिमोग्लोबिन इज ट्वेल्व्ह पॉइंट फाइव्ह."

साहेबांनी खाली बघून काहीतरी लिहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. छायानं मला सगळं जसंच्या तसं सांगितलं. पोरीची वर्षभराची एवढी मेहनत माझ्या एका न घोटलेल्या प्रश्नापायी गेली, असं वाटलं. साहेब स्वभावातल्या उणिवा विचारत होते, हे मी तिला सांगितलंच नाही. धीर झाला नाही.

तीन आठवड्यांनी निवडीचं पत्र आलं. ती पेढे घेऊन आली, पाया पडली आणि म्हणाली, "मॅडम, बाराच्या खाली असतं तर नसतं का हो घेतलं?"

*

इंग्लंडला जाऊन दीड महिना झाला तेव्हा तिचा फोन आला. आवाज बारीक.

"मॅडम, मी आजारी दिसते का हो? इथं रोज सकाळी सगळ्याजणी मला विचारतात, यू ऑल राइट? मी तीनदा बीपी तपासलं. पावडर लावून गेले, तरी विचारतातच."

बारा वर्षं 'हाऊ डू यू डू' शिकवलं, पण हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. फोन ठेवल्यावर मोबाईलवर शोधलं, तर कळलं की तिकडे ते नुसतं 'काय, बरंय ना?' म्हणून पुढे जाण्यासारखं असतं. उत्तराची कुणी वाट बघत नाही.

दोन दिवसांनी तिला सांगायला फोन केला. ती आधीच बोलायला लागली. म्हणाली, "मॅडम, काल मी उत्तर देऊन टाकलं. एक वयस्कर नर्स आहे, ती चालता चालता म्हणाली, यू ऑल राइट? मी म्हटलं, नो. आईचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, मी तिथं नाही. भात गिळवत नाही. रोज बाथरूममध्ये रडते. जसं जमेल तसं सगळं सांगितलं. चुका खूप झाल्या."

"मग?"

"ती चालायची थांबली. मग शेजारी बसली माझ्या. आता रोज पाच मिनिटं बसते."

मला जे सांगायचं होतं ते मी सांगितलं नाही. आईच्या डोळ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला.

*

मंगल ही कृषी विद्यापीठाच्या बाजूला खाणावळ चालवायची. बिहार, केरळ, राजस्थान, कुठून कुठून शिकायला आलेली पोरं तिच्याकडे जेवायची. भाजी संपली हे हातवारे करून सांगायचा कंटाळा आला म्हणून ती क्लासला आली. हसरी, आवाज खणखणीत, वही मात्र अगदी नीटनेटकी. तिचा नवरा सुरतेला कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. सुरुवातीला फोन यायचे, मग तेही थांबले. बॅचमध्ये सगळ्यांना हे ठाऊक होतं. विषय कुणी काढत नसे.

त्या दिवशी मी 'वेंट' आणि 'हॅज गॉन' शिकवत होते. मराठीतही 'गेला' आणि 'गेलाय' असतं, पण बोलताना आपण एवढा विचार करत नाही. 'हॅज गॉन' म्हणजे माणूस गेलाय आणि अजून तिकडेच आहे. 'वेंट' म्हणजे गेला, एवढंच. काल, गेल्या वर्षी, अमुक वर्षांपूर्वी, असं काही वाक्यात आलं की 'वेंट'च लागतं. हे सगळं फळ्यावर लिहिलं आणि घरच्या माणसांवर एकेक वाक्य लिहायला सांगितलं.

मी वह्या बघत बघत मंगलपाशी आले. तिनं लिहिलं होतं, "माय हजबंड वेंट टू सुरत."

माझं डोकं व्याकरणात. मी म्हणून गेले, "इथं 'हॅज गॉन' हवं. ते अजून परत आले नाहीत ना."

बोलले आणि जीभ चावली. नानांनी वहीत मान घातली.

मंगल फळ्याकडे बघत होती. "मॅडम, हॅज गॉन म्हंजी मानूस गेलाय आन् आपन अजून दाराकडं बघतोय. आसंच ना?"

"तसंच काहीसं."

"आन् म्होरं 'नऊ वर्सांपूर्वी' आसं जोडलं तर?"

"तर मग 'वेंट'."

"मग हॅज गॉन चालंल?"

"नाही. मग ते चूक."

"पक्कं?"

"पक्कं."

तिनं पेन उचललं. 'नाइन' लिहिलं, 'इयर्स' लिहिलं. थांबली. "अगोला जी एक का दोन?"

"एक."

तिनं शब्द पुरा केला, पुढे टिंब दिलं, आणि मी न सांगताच उभी राहून अख्खं वाक्य मोठ्यानं वाचलं. "माय हजबंड वेंट टू सुरत नाइन इयर्स अगो." मग माझ्याकडे बघितलं.

"बरोबर हाय?"

"बरोबर आहे."

तिनं वही मिटून पिशवीत घातली. "येते मॅडम. चाळीस जनांच्या चपात्या लाटायच्यात."