प्लॅन दाखवायला येते

माझा नंबर 'उचलू नको' या नावाने सेव्ह करणाऱ्या माणसा, तू हे बरोबर केलेलं नाहीस. अनोळखी फोन कोणाचा ते सांगणारं ॲप माझ्याकडेही आहे. गंमत म्हणून मी त्यात स्वतःचाच नंबर टाकला, तर माझ्या नावाच्या जागी हे आलं. म्हणजे आपल्याच पट्ट्यात कोणीतरी निवांत बसून, एकेक अक्षर टाइप करून हे लिहिलंय. निदान 'साबणवाली' तरी लिहायचं.

आणि मी साबण विकत नाही. मी माणसं उभी करते. बी.एस्सी. झाल्यावर एखाद्या कंपनीच्या पॅकिंग लाइनवर दिवसभर उभं राहायचं नव्हतं, म्हणून नेटवर्क मार्केटिंगमध्ये आले. आम्ही सात जण दर रविवारी भूगावच्या एका हॉलमध्ये भेटायचो. दोन वर्षांत घरात मालापेक्षा किश्श्यांचाच स्टॉक जास्त झालाय. मालाला निदान एक्सपायरी असते.

पहिल्याच दिवशी सरांनी, म्हणजे ज्यांनी मला यात आणलं त्यांनी, कोरी वही देऊन शंभर नावं लिहायला लावली. नियम एकच: सगळ्यात जवळचं माणूस पहिलं. शबानाचं नाव मी शंभरावं लिहिलं. शबाना पौडची, त्यांचं किराणा दुकान आहे आणि पाचवीपासून पदवीपर्यंत ती माझ्या बाकावर होती. म्हटलं, आधी नव्व्याण्णव जोडू, मग हिला विचारायची वेळच येणार नाही. प्लॅन पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवसापासून आपल्याला बघून रस्ता बदलतो, हे कळल्यावर तर मला माझ्या दूरदृष्टीचं कौतुकच वाटलं. शबाना हल्ली फोनवर सापडत नाही, दुकानात गर्दी असते म्हणे. पण समोर गेलं की चहा सांगते.

*

तिसरं नाव नांद्याच्या तात्यामामांचं. फोनवर शिकवल्याप्रमाणे बोलले, "मामा, रविवारी येते. एक प्लॅन दाखवायचाय. तुमचं आयुष्य बदलेल."

गेले तर ओट्यावर सतरंजी, दोन्ही मुलगे, सुना, वेगळा राहणारा धाकटा भाऊ, आणि खुर्चीवर चक्क वकील. मध्ये सातबाऱ्याची फाइल. एवढी माणसं एकदम कधीच मिळाली नव्हती. मी लगेच बोर्ड उभा करून वर एक गोल काढला. "हे तुम्ही." खाली दोन गोल. "हे तुमच्या खालचे."

धाकटे मामा उठलेच. "त्याच्या खालचं वावर माझं हाय. ते ह्याच्या प्लॅनमदी कसं काय?"

दोघे भाऊ हमरीतुमरीवर आले. वकील मला म्हणाले, "मॅडम, ते राहू द्या. आत जायला रस्ता किती फुटी आहे?"

प्लॅन जमिनीचा नाही, साबणाचा आहे हे कळल्यावर तात्यामामा बराच वेळ फाइलची नाडी बांधत बसले. मग म्हणाले, "प्लॅन म्हनलीस म्हून वकील आनला. साबन म्हनली आसतीस तर आंघूळ करून बसलो आसतो."

*

विद्याताई आमच्या टीममधल्या, उरवड्याच्या. त्यांचे मिस्टर गावात वायरमन. ताईंनी जोडलेल्या बायकांनी, म्हणजे त्यांच्या डाउनलाइनने, ऑर्डर देणं बंद केलं, तसा सरांनी ताईंना फोन लावला. उचलला मिस्टरांनी.

"ताईंची डाउनलाइन बंद पडलीय," सर म्हणाले. "दोन महिने झाले. तुम्ही घरातले आहात, जरा लक्ष घाला."

"कुटली? उरवड्याची?"

"हो, उरवड्याचीच."

"दोन महिनं? आन मला एक कंप्लेंट न्हाई?"

माणूस मानी. जेवण टाकून शिडी घेऊन निघाला, गावातला एकूण एक खांब बघून आला आणि सरांना उलट फोन केला, "समदी लाइन चालू हाय. तुमच्याच घरातला फ्यूज बघा."

*

सर सांगतात, निगेटिव्ह माणसांपासून लांब राहा. मी पाच जणांची यादी केली. पहिलं नाव आईचं. तिला समजावून सांगितलं की तुझ्यावर माझा राग नाही, पण ध्येय गाठेपर्यंत आपण कमी बोलू.

आई तव्यावरून भाकरी काढत होती. "बरं," म्हणाली. "मग ही भाकरी निगेटिव्ह हाय का पॉझिटिव्ह, तेवढं सांग. म्हंजे वाढाय नको."

मी दोन खाल्ल्या. न बोलता.

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. सरांचं म्हणणं, स्वप्न हाताने शिवून यायचं. म्हणून एका रविवारी आम्ही सातही जण भूगावच्या पुढच्या एका मोठ्या बंगल्याच्या कंपाउंडला हात लावून, डोळे मिटून उभे राहिलो. मारुतीकाका नवीनच आले होते. त्यांचे डोळे उघडेच.

"काका, डोळे मिटा," मी म्हटलं. "हे घर आपलं आहे असं समजा."

"समजायचं काय त्यात? व्हतंच की. हे पोर्च हाय ना, तितं आमचा गोठा व्हता. आता दिवसपाळीला ह्याच गेटवर आसतुया मी. कुनाला आतनं बगायचं आसंल तर सोमवारी या, सायेब न्हाईत."

मग सर म्हणाले, "बघा! काकांचं स्वप्न अर्धं पूर्ण झालंय."

मारुतीकाका पुढच्या रविवारी आले नाहीत.

*

मग विद्याताई थांबल्या, मग बाकीचे. गेल्या महिन्यात हॉलमध्ये सर आणि मी, दोघंच. सरांनी तरीही माइक चालू केला.

"कमिटमेंट म्हणजे शेवटच्या नावापर्यंत जाणं," ते म्हणाले. "वहीत किती राहिलेत?"

"एक," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पौडला गेले. शबाना डाळ जोखत होती, तिचे अब्बा गल्ल्यावर पेपर वाचत होते. एरवी आधी चहा होतो. त्या दिवशी मी चहाच्या आधीच बोलून टाकलं, "शबाना, तुला एक प्लॅन दाखवायचाय."

तिने तागडी खाली ठेवली. "दोन वर्षं लागली तुला."

सगळं ऐकून घेतलं तिने. गोल, खालचे गोल, त्याच्या खालचे गोल. एकदाही हसली नाही. माझं संपल्यावर म्हणाली, "वही बघू."

मी वही दिली. तिने पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं, मग सरळ शेवटचं उघडलं.

"सायले, मी शंभरावी?"

मला सुचलं ते चुकीचंच. "आणि तू माझा फोन का उचलत नाहीस गं?"

तिने खिशातून मोबाइल काढून काउंटरवर ठेवला. "लाव."

मी लावला. चहापत्तीच्या पुड्यांमध्ये तो थरथरायला लागला. स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत आलं: 'उचलू नको'.

"उचलला असता तर तू विचारलं असतंस," शबाना म्हणाली.

तिने फोन उचलला नाही. मीही कट केला नाही. दोघी त्याच्याकडे बघत उभ्या राहिलो.

अब्बांनी पेपर खाली केला, चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्या हातातली वही आपल्याकडे ओढून घेतली.

"शंभरावी व्हय?" ते म्हणाले. "मग म्होरली नव्व्याण्णव कुटं हायेत?"